गोगलगाईचा हिशेब

पावसाळ्याचे दिवस होते. सकाळपासून पावसाची झड लागलेली असल्यामुळें मधल्या सुट्टींत मुलांना पटांगणावर जातां येईना, आणि वर्गापुढील ओसरीवर एकच गलबला चालला होता. त्या दिवशीं इयत्ता आठवीस वेगाचीं उदाहरणें शिकवावयाचीं होतीं. घंटा होऊन मुलें आंत येऊं लागलीं, तोंच ओसरीच्या ओल्या भिंतीवर एक गोगलगाय चढत असलेली एका मुलाच्या दृष्टीस पडली. "सर, हिचा वेग काढूं या का?" असें त्यानें विचारिलें. कल्पना मला आवडली. आगगाडी, बैलगाडी आणि प्रवाहांतील होडी यांचीं तींच तीं उदाहरणें सोडवून मुलें कंटाळलीं होतीं, आणि खरें सांगावयाचें तर मीही कंटाळलों होतों.

आम्ही तीस सेंटिमीटरांची पट्टी भिंतीला लाविली. एका मुलानें घड्याळ धरिलें. गोगलगाईनें मध्यें दोनदां आपलीं शिंगें आंत ओढून घेतलीं व ती थांबली. तरीही पट्टीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जावयास तिला जवळ जवळ बरोबर पांच मिनिटें लागलीं. तीनशें सेकंदांत तीनशें मिलिमीटर, म्हणजे सेकंदास एक मिलिमीटर! हिशेब इतका सुटसुटीत निघाला कीं मुलांनीं टाळ्याच वाजविल्या.

त्या वर्गांत एक मुलगा असा होता कीं, जें करील तें सावकाश करील. वहींत समास आंखावयाचा तर तो पट्टी दोनदां लावून पाही. शुद्धलेखन लिहितांना इतर मुलांचें पान भरे, तेव्हां याच्या चार ओळी होत. मुलें त्याला ‘गोगलगाय’ म्हणूनच हांक मारीत, आणि "गोगलगाय नि पोटांत पाय" ही म्हण त्याच्या कानावर दिवसांतून एकदां तरी पडे. मीं स्वतः त्याच्या प्रगतिपुस्तकांत दोन सत्रें ‘फार मंद’ असा शेरा लिहिला होता. त्या दिवशींही सर्वांचें उत्तर फळ्यावर आलें तरी हा आपला उदाहरणाचा क्रमांकच लिहीत होता. माझ्या तोंडून निघून गेलें, "अरे, या गतीनें तूं सूर्यापर्यंत केव्हां पोंचणार? काढ पाहूं हिशेब!"

सारा वर्ग खो खो हंसला. मीही हंसलों. शिक्षकाचा विनोद शिक्षकाला पुढच्या तासापर्यंतही आठवत नाहीं. परंतु ज्याच्यावर तो झाला असेल त्याच्या तो फार दिवस ध्यानांत राहतो, हें मला तेव्हां सुचलें नाहीं.

विनोद पुरा करावा म्हणून मीं सूर्याचें अंतर फळ्यावर लिहिलें : सुमारें १४ कोटि ९६ लक्ष किलोमीटर. गोगलगाय न थांबतां, न झोंपतां याच वेगानें चालत राहिली तर तिला तेथें जावयास किती काळ लागेल, हें काढावयाचें. वर्गांतील एका अत्यंत चलाख मुलानें पांच मिनिटांच्या आंत हात वर केला व "४,७४० वर्षें" असें उत्तर दिलें. मीं त्याच्या वहीवर नुसती नजर फिरविली, "शाबास" म्हटलें, आणि घंटा झाली.

दुसऱ्या दिवशीं प्रार्थना आटोपून मी शिक्षकांच्या खोलीकडे जात असतां तो सावकाश मुलगा दाराशीं उभा असलेला दिसला. त्याच्या हातांत एक दुमडलेला कागद होता. "सर, आपण हिशेब काढावयास सांगितला होता," एवढेंच तो म्हणाला. आदल्या दिवशींची माझी थट्टा त्यानें गृहपाठ म्हणून घेतली होती! कागद उघडून पाहतों तों स्वच्छ अक्षरांत एकाखालीं एक पायऱ्या मांडलेल्या. एका सेकंदांत १ मिलिमीटर. एका मिनिटांत ६० मिलिमीटर. एका तासांत ३.६ मीटर, एका दिवसांत ८६.४ मीटर, एका वर्षांत ३१,५३६ मीटर, म्हणजे साडेएकतीस किलोमीटरांहून किंचित् अधिक. येथपर्यंत सर्वांचें सारखेंच होतें. पण पुढें त्यानें सूर्याकडे एकदम उडी मारली नव्हती. पृथ्वीचा विषुववृत्तावरील घेर ४०,०७५ किलोमीटर. तेवढें अंतर चालावयास गोगलगाईला सुमारें १,२७० वर्षें. चंद्राचें सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. तेथवर जावयास बारा हजारांहून अधिक वर्षें. आणि शेवटीं सूर्य : सुमारें ४७ लक्ष ४० हजार वर्षें.

त्याखालीं एक ओळ लिहिली होती : "सर, चंद्रापर्यंतच जर बारा हजार वर्षें लागतात, तर सूर्यापर्यंत ४,७४० वर्षें कशीं?"

मी चपापलों. चलाख मुलानें घाईघाईंत वर्षाचे ३१,५३६ मीटर हे किलोमीटर समजून भागाकार केला होता. आंकडे तेच, पण तीन शून्यें नाहींशीं झालीं होतीं. मापें बदलतांना होणाऱ्या चुका पुष्कळदां अशाच असतात : उत्तराचा चेहरा ओळखीचा दिसतो, आणि किंमत मात्र हजारपटीनें चुकलेली असते. ती चूक मुलाची होती हें खरें. पण तिच्यावर ‘शाबास’ची मोहर मारणारा मी होतों. जो मुलगा पायरी पायरीनें चढला, वाटेंत चंद्रावर क्षणभर थांबला, आणि "हें संभवतें का?" असें स्वतःला विचारून पाहूं शकला, तोच बरोबर उत्तराशीं पोंचला होता.

कागदाच्या तळाशीं आणखी एक प्रश्न होता : "पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते तेव्हां आपली भिंतही फिरते. मग गोगलगाईचा वेग सेकंदास एकच मिलिमीटर असें कसें म्हणावयाचें?"

या प्रश्नाचें उत्तर दारांत उभ्या उभ्या देण्यासारखें नव्हतें. त्या दिवशींचा गणिताचा तास मीं त्याच कागदावर घालविला. प्रथम वर्गासमोर माझी चूक कबूल केली, आणि मग ग्रहांच्या वेगाचें माप मुलांना समजावून दिलें. पृथ्वी व सूर्य यांमधील सरासरी अंतराला ज्योतिर्विद ‘खगोलीय एकक’ म्हणतात. पूर्वीं हें अंतर निरीक्षणांवरून ठरवीत, इ. स. २०१२ मध्यें आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानें तें १४,९५,९७,८७०.७ किलोमीटर असें कायमचें निश्चित केलें. गांवांतील रस्ता मोजावयास मीटर सोयीचा, तशी ग्रहमाला मोजावयास ही काठी सोयीची. हिच्यावरून वेगाचें माप तयार होतें तें ‘वर्षास एक खगोलीय एकक’ हें होय. तें आपल्या नेहमींच्या मापांत आणलें तर सेकंदास सुमारें ४.७४ किलोमीटर भरतें.

४.७४ हा आंकडा ऐकतांच दोन-तीन मुलें एकदम ओरडलीं, "सर, ४,७४० मध्येंही हेच अंक होते!" आणि तें खरें होतें. हा कांहीं योगायोग नव्हे. सेकंदास एक मिलिमीटर चालणाऱ्या प्राण्याला एक एकक तोडावयास ४७ लक्ष ४० हजार वर्षें लागतात, याचाच अर्थ वर्षास एक एकक हा वेग त्याच्या ४७ लक्ष ४० हजार पट आहे. आणि तितके मिलिमीटर म्हणजेच ४.७४ किलोमीटर. एखादा तारा आकाशांत वर्षाला किती सरकलेला दिसतो यावरून त्याचा आडवा वेग सेकंदास किती किलोमीटर, हें काढतांना ज्योतिर्विद याच ४.७४ नें गुणतात. ओसरीवरील गोगलगाय आम्हांला त्या आंकड्यापर्यंत घेऊन आली होती.

मग या मापानें आम्ही निरनिराळे वेग फळ्यावर मांडले. पृथ्वी वर्षाला एक प्रदक्षिणा करिते. त्या वाटेची त्रिज्या एक एकक, म्हणून तिचा परीघ आणि पर्यायानें तिचा वार्षिक वेग सुमारें ६.२८ एकक, सेकंदास म्हणाल तर जवळ जवळ ३० किलोमीटर. इ. स. १९७७ मध्यें सोडलेलें व्हॉयेजर १ हें यान सूर्यापासून वर्षास सुमारें ३.६ एकक या वेगानें दूर जात आहे. आणि आमची गोगलगाय? दशांशचिन्ह, त्यापुढें सहा शून्यें, आणि मग २११. मुलें पुन्हां हंसलीं. परंतु या वेळचें हंसणें निराळें होतें, कारण तो अपूर्णांक कोणत्या वाटेनें आला हें प्रत्येकाला ठाऊक होतें.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. गोगलगाईचा सेकंदास एक मिलिमीटर हा वेग भिंतीच्या मानानें आहे. सूर्याच्या मानानें पाहूं गेल्यास भिंत, शाळा, फळा, मास्तर आणि गोगलगाय हीं सारीं सेकंदास तीस किलोमीटर या वेगानें धांवत आहेत. ज्या पांच मिनिटांत तिनें आमची पट्टी ओलांडली, त्याच पांच मिनिटांत ती पृथ्वीबरोबर सुमारें नऊ हजार किलोमीटर पुढें गेली होती. तेव्हां ‘हळू’ हा शब्द एकटा कधींच पुरा नसतो. कशाच्या मानानें आणि किती काळाच्या मापानें, हीं दोन उत्तरें दिल्यावांचून त्याला अर्थ येत नाहीं.

तास संपला, पण माझ्या मनांत एक शंका राहिली. आपण भिंत स्थिर धरली. पण भिंतीखालची जमीन तरी स्थिर आहे का? त्या रात्रीं मीं पुस्तकें काढून बसलों. आमची शाळा ज्या काळ्या पाषाणावर उभी आहे, तो दख्खनचा पाषाण सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारसाच्या रूपानें बाहेर आला. लाव्हा निवतांना त्यांतील लोहयुक्त कण त्या वेळच्या व त्या ठिकाणच्या चुंबकीय दिशेस धरून राहतात. जणूं दगडांत एक होकायंत्र गोठून जातें. इ. स. १९५० नंतरच्या दशकांत शास्त्रज्ञांनीं दख्खनच्या दगडांतील ही दिशा मोजली, तेव्हां असें दिसून आलें कीं, तो लाव्हा निवाला त्या वेळीं ही भूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. आज हिंदी महासागरांत रियुनियन नांवाचें बेट आहे, त्या सुमारास ती असावी असें मानतात. तेथून ती आपल्या पाठीवरील दगडांसह येथवर आली आहे, आणि अद्याप चालतेच आहे.

तिचा आजचा वेग उपग्रहांच्या साहाय्यानें मोजतां येतो. तो वर्षास सुमारें पांच सेंटिमीटर आहे. आपल्या हाताचें नख वर्षांत साधारण तितकेंच, किंवा किंचित् कमी वाढतें. आमच्या गोगलगाईहून हा वेग सहा लक्ष पटींहूनही अधिक मंद! वर्षास खगोलीय एकक या मापांत तो लिहावयाचा तर दशांशचिन्हापुढें बारा शून्यें द्यावीं लागतात, आणि तेव्हां कोठें पहिला अंक दिसतो. ती रांग पाहून कोणीही म्हणेल कीं हा वेग म्हणजे शून्यच. परंतु काळाची काठी बदलून पाहा. पांच सेंटिमीटर वर्षास, म्हणजे कोटि वर्षांत पांचशें किलोमीटर. याच ‘शून्या’नें एक सबंध भूखंड समुद्र ओलांडून आशियाला येऊन भिडला, आणि त्या रेट्यानें हिमालय उभा राहिला. ही टक्कर होण्यापूर्वीं त्याची चाल आजच्या तिपटीच्या सुमारास गेली होती. टक्कर झाल्यावर ती मंदावली.

भूखंडें सरकतात असें आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञानें इ. स. १९१२ मध्यें मांडलें, तेव्हां पुष्कळ विद्वानांनीं त्याची थट्टा केली. ती सरकविणारी शक्ति कोणती, हें त्याला समाधानकारक सांगतां आलें नाहीं. आणि त्या काळच्या साधनांनीं इतका मंद वेग मोजतांही येत नव्हता. ग्रीनलंडचा वेग त्यानें वर्षास कित्येक मीटर धरला होता, तो फारच अधिक निघाला. इ. स. १९३० मध्यें ग्रीनलंडच्या बर्फांतच त्याचा अंत झाला. त्याचा आंकडा चुकला होता, पण मुख्य गोष्ट खरी होती. आणि ती जगानें मान्य करावयास आणखी तीस-पस्तीस वर्षें जावीं लागलीं. चंद्राचीही अशीच गोष्ट आहे. इ. स. १९६९ मध्यें अपोलो ११ च्या प्रवाशांनीं चंद्रावर एक परावर्तक ठेविला. त्याच्यावर व नंतर ठेवलेल्या तशाच परावर्तकांवर प्रकाशाचे किरण सोडून, ते परत यावयास किती वेळ लागतो हें वर्षानुवर्षें मोजीत गेल्यावर, चंद्र पृथ्वीपासून वर्षास सुमारें ३.८ सेंटिमीटर दूर जात आहे असें निश्चित झालें. मंद वस्तु मोजावयास जलद यंत्र पुरत नाहीं. तिच्याकडे फार दिवस पाहत राहणारा मनुष्य लागतो.

हें वाक्य वहींत लिहितांना माझा हात थांबला. ज्या मुलाला मीं ‘फार मंद’ म्हणून दोन सत्रें बाजूस सारलें, त्याच्याकडे मीं किती दिवस पाहिलें होतें? त्याला मीं मोजलें होतें तें एकाच मापानें : तासाला किती उदाहरणें. दुसऱ्या दिवशीं मीं कपाटांतून त्याच्या जुन्या उत्तरपत्रिका काढल्या. पहिल्या परीक्षेंत दहांपैकीं त्यानें पांच उदाहरणें केलीं होतीं व पांचही बरोबर होतीं. दुसऱ्या परीक्षेंतही पांच, आणि तींही सर्व बरोबर. दोन्ही पत्रिकांवर माझ्या तांबड्या शाईनें ५० गुण व तोच शेरा. दहाच्या दहा सोडवून पांच चुकविणाऱ्या मुलालाही मीं ५० गुणच दिले होते. पण त्याच्या पुस्तकांत ‘हुशार, पण थोडी घाई’ असें लिहिलें होतें! गुण तेच, परंतु शब्द देतांना माझें माप बदललें होतें.

मीं त्याची वर्गासमोर क्षमा मागितली. थट्टा चारचौघांत केली होती, तेव्हां क्षमा एकांतांत मागणें बरोबर झालें नसतें. त्यानें मान खालीं घातली व तो कांहींच बोलला नाहीं. सुट्टी झाल्यावर मात्र तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, पण परीक्षेंत तर तासच मोजतात ना?"

याला माझ्याजवळ गोड उत्तर नव्हतें. परीक्षेचें घड्याळ कोणासाठीं थांबत नाहीं, आणि तें अन्यायाचें आहे असें सांगून मीं त्याला बोळवलें असतें तर तीही एक फसवणूकच झाली असती. म्हणून त्या वर्षीं आम्हीं दोघांनीं मिळून निराळा हिशेब केला. प्रश्नपत्रिका हातीं पडतांच आधीं सारी वाचावयाची. अधिक गुणांचे व आपल्याला निश्चित येणारे प्रश्न प्रथम घ्यावयाचे. समास दोनदां आंखावयाचा नाहीं, पण उत्तर मात्र दोनदां पाहावयाचें. त्याची चाल फारशी वाढली नाहीं. दहांपैकीं पांचांचीं सात झालीं, एवढेंच. पुढें शालान्त परीक्षेंत तो उत्तीर्ण झाला. त्याचें नांव पहिल्या दहांत आलें नाहीं, आणि येईल अशी त्याची किंवा माझी अपेक्षाही नव्हती. पण त्या वर्षापासून त्याला वर्गांत ‘गोगलगाय’ म्हणून कोणी हांक मारली नाहीं. निदान मी ऐकत असतांना तरी नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, मापें बदलावयास अवश्य शिका. मिलिमीटराचें खगोलीय एकक करतांना शून्यें मोजा, पायऱ्या गाळूं नका, आणि उत्तर आल्यावर वाटेंतल्या चंद्राला एकदां विचारून पाहा कीं हें संभवतें का. माप बदललें म्हणजे आंकडा लहान-मोठा होतो. वस्तु आहे तीच राहते. आणि पालकांस माझी एवढीच विनंति आहे कीं, मुलाच्या प्रगतिपुस्तकांत ‘मंद’ हा शब्द दिसला तर मुलाला रागें भरण्यापूर्वीं शिक्षकाला विचारावें : कशाच्या मानानें, आणि किती दिवस पाहून? तो प्रश्न मला त्या वेळीं कोणी विचारिला नाहीं. एका मुलानें दुमडलेल्या कागदावर हिशेब करून आणला, म्हणून तो मला कळला.

दर पावसाळ्यांत ओसरीच्या भिंतीवर गोगलगाई येतात. आठवीचा तो पाठ आला कीं मी पट्टी घेऊन बाहेर जातों. कधीं सेकंदास एक मिलिमीटर भरतो, कधीं त्याहून थोडा कमी. घड्याळ मात्र मी वर्गांतील सर्वांत सावकाश मुलाच्या हातीं देतों. कारण त्याची नजर कांट्यावरून हलत नाहीं.